दोरीवरची आवणी

चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढे बऱ्याच वर्षांनी, शाळा सुटलेल्या तरुण मुलामुलींसाठी घोटीजवळ शेतीचं प्रशिक्षण निघालं, तिथे बाबांनी मला पाठवलं. मुली दोघीच होतो. दुसरी लवकरच घरी परतली. मुलांच्या पंगतीत बसायचा धीर होत नसे, म्हणून मी ताट घेऊन गांडूळखताच्या शेडमागे बसायची. शिकवलेलं मात्र नीट ऐकलं. हिरवा पाला चिखलात तुडवायचा, आणि खुणा केलेली दोरी ताणून खुणेवर दोन-दोनच रोपं लावायची. बियाणं कमी लागतं, विकतचं खतही.

आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीनं होते. आज सगळ्या बायका आमच्या शेतात, उद्या आम्ही त्यांच्या. त्या ओळीत मी कायम टोकाला असायची. माझ्याशी फार कुणी बोलत नसे. ही दोरीची रीत दाखवली तर त्या मला काही ना काही विचारतील, अशी आशा वाटायची.

बाबांनी मला करून बघायला खालचं लहान खाचर दिलं. आमची पाळी आली तशी मी खुंट्या ठोकून दोरी ताणली.

"काय गं, म्हैस बांधती का?" चुलती म्हणाली.

"म्हैस नाय, मास्तरीण हाय ती," शेजारीण म्हणाली. "चुकलं तर उठाबशा काढाय लावील!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण दर ओळीला दोरी सरकवेपर्यंत त्यांना वाकून थांबावं लागे, गाणं मध्येच तुटे. थोड्या वेळानं चुलती कंबर धरून उभी राहिली.

"बाय, असं तर दिवाळी उजाडंल. तुझं तू लाव. आम्ही वरच्या खाचरात जातो."

त्या गेल्या. मी या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत चिखल तुडवत एकटीच लावत राहिले. वरून गाणं ऐकू येत होतं. मला ते सगळं पाठ होतं, पण एकटीनं म्हणायची लाज वाटली.

भात चांगलं आलं. एकेका रोपाला भरपूर फुटवे होते. कापणीच्या वेळी बाबांनी लोंबी तळहातावर घेऊन पाहिली.

"पुढल्या साली वरचं खाचरबी दोरीवरच लाव."

"लाव बाई, तुला जमतंय," चुलती म्हणाली. ती मनापासून म्हणाली. ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले, पण ती विळा घेऊन पुढच्या ओळीला लागली होती.

बाबांना मी हो म्हटलं. वरचं खाचर खालच्यापेक्षा बरंच मोठं आहे. एकटीला ते लावायला किती दिवस लागतील, याचा विचार करत मी पेंढ्या बांधायला घेतल्या.