पंख्यातला कापूस

आर्णीत आमचं जुन्या कम्प्युटरचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि चाचांचं. चाचा मूळचे रेडिओ मेकॅनिक, माझ्या वडिलांच्या वयाचे. नागपूरच्या ऑफिसांनी काढून टाकलेले कम्प्युटर आम्ही आणायचो, उघडायचो, पुसायचो आणि चालते करून विकायचो. रॅमची पट्टी साध्या खोडरबराने घासायची त्यांची पद्धत मी अजून सोडलेली नाही.

ती कापसाला भाव नसलेली वर्षं. आज ना उद्या भाव वाढेल म्हणून लोक कापूस घरातच ठेवायचे, पुढच्या खोलीत पार छतापर्यंत. त्याच खोलीच्या कोपऱ्यात आमच्याकडून नेलेला कम्प्युटर. मग हिवाळाभर एकच तक्रार, आपोआप बंद पडतो. सीपीयू उघडला की आतल्या पंख्यावर कापसाचा थर. बिचारा पंखा फिरणार तरी कसा!

मी पहिल्यांदा तो कापूस फेकायला निघालो, तर चाचांनी हात धरला.

"कायले फेकून राह्यला? ठेव त्या डब्यात. डबा भरला का उशी शिवीन अन् पोराकडं जाईन नागपूरले."

"या धुळकट कापसाची उशी?"

"ऊन दाखवू ना त्याले."

मुलगा त्यांना कधीचा बोलावत होता, तरी मला ती गंमतच वाटली. पण बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा अर्ध्यावर आला, तेव्हा ते खरंच जातील असं वाटू लागलं. चाचांशिवाय ते दुकान मला नकोच होतं. ते दुपारी नमाजाला गेले की मी डब्यातला मूठभर कापूस काढायचो आणि टेबलाखालच्या सीपीयूच्या रिकाम्या कॅबिनेटमध्ये दडवायचो. दोन हिवाळे गेले, डबा काही भरला नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या हातून एकच स्क्रू तीनदा पडला. त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"आता डोळे साथ देत नाहीत. ते खालचं कॅबिनेट आण इकडं."

"कोणतं?"

"ज्याच्यात तू कापूस भरून राह्यला ते. मले पहिल्यापासून मालूम आहे."

मला मान वर करवेना. "मंग बोलले काहून नाही?"

"मले तरी कुठं जायचं होतं, बेटा."

डब्यातला आणि कॅबिनेटमधला कापूस आम्ही मिळून ओट्यावर उन्हात पसरला. दुसऱ्या दिवशी मी खोळ भरली, त्यांनी अंदाजानेच टाके घातले. मग उशी दाबून पाहत म्हणाले, "थोडी कमीच वाटते."

"एवढाच होता," मी म्हणालो.

ती उशी काखेत घेऊन ते एसटीत बसले. एक मूठ मी मागे ठेवली होती. उशी पुरी करायला तरी त्यांना यावं लागेल, असं मला खरंच वाटलं होतं.

चाचा आले नाहीत. ती मूठ अजून डब्यात आहे. दर हिवाळ्यात मी तिला ऊन दाखवतो.