पेंटर नागसेनच्या हातचे चरे

उद्यमनगरातली जुनी माणसं नागसेन शिंगेला अजून 'पेंटर' म्हणूनच ओळखतात. मुरगूडहून रोज येऊन त्यानं एकवीस वर्षं तिथल्या एका गॅरेजात गाड्या रंगवल्या. चेपलेल्या दारावर तो असा रंग जुळवून द्यायचा, की गाडीचा मालकच बोटानं चाचपत विचारायचा, "नेमकं कुठं लागलंतं ओ?" खड्ड्यात लांबी भरायची, ती ओल्या पॉलिश पेपरनं घासायची, अस्तर मारायचं, मग रंग, आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक क्लिअरचा थर. हे सगळं तोंडाला एक रुमाल बांधून.

छातीनं दगा दिला तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "थिनरचा वास आता बंद. परत रंगाला हात लावलास तर माझ्याकडं येऊ नकोस."

रंग सुटला. मुलगी सोनम नर्सिंगला जाणार होती, घर चालवायचं होतं. ओळखीच्या एकानं ठेकेदारामार्फत हायवेवरच्या गाड्यांच्या शोरूममध्ये चिकटवलं. सर्व्हिसिंगला आलेली गाडी परत देण्याआधी धुऊन द्यायची, एवढंच काम. पाण्यात कसला आलाय वास, म्हणून नागसेन आनंदानं गेला.

पहिल्याच दिवशी त्यानं बादली बघितली. एकच बादली, एकच स्पंज, आणि दिवसाला पस्तीस-चाळीस गाड्या. शाहूवाडीकडची गाडी तांबड्या चिखलानं माखून यायची, खाणीवरची दगडाच्या भुकटीनं. पाण्याचा फवारा वरवरचं घालवायचा. उरलेली कच स्पंजात जाऊन बसायची आणि तोच स्पंज पुढच्या नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटवर फिरायचा. गाडी ओली असेपर्यंत झकास दिसे. शोरूमच्या ट्यूबलाईटखालीही झकास. उन्हात गेली की मात्र रंगावर बारीक गोल चऱ्यांचं कोळ्याचं जाळं उठायचं. ते बघायला पेंटरचा डोळा लागतो. नागसेनकडं तो होता, हेच त्याचं दुखणं झालं.

त्यानं मॅनेजर विश्वजित सरांना गाठलं. "सर, वरचा क्लिअर पेपरच्या कागदापेक्षा पातळ असतोय. आपण त्याच्यावर वाळू घासतोय."

"शिंगे, गाडी बारा मिनिटांत बाहेर पडली पाहिजे," सर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले. "लोकांना फुकट धुऊन मिळतंय. आजपर्यंत कुणाची तक्रार न्हाय."

मग त्यानं घरून दुसरी बादली आणली. एकीत साबण, दुसरीत स्पंज खळबळून घ्यायला साधं पाणी. दर गाडीला पाणी बदलायचं. दुपारपर्यंत बाहेर गाड्यांची रांग लागली. शेजारी धुणारा ज्ञानू त्याच्याच वयाचा, तो वैतागला. "नागसेना, तुझ्या पायी माझं जेवाण ऱ्हायलं की रं!" चार दिवसांनी बादली घरी परत गेली. महिनाभरात नागसेन सगळ्यांसारखाच धुवायला लागला. हात आपोआप फिरायचा. घरी आल्यावर तो बायकोला, रूपालीला म्हणायचा, "एकवीस वर्षं चरं काढली. आता रोज चाळीस गाड्यांस्नी पाडतोय." ती ताट वाढायची.

अशी चार वर्षं गेली.

तेजस्वी मॅडम शाहूवाडीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. काळीभोर गाडी त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली, घरातली पहिलीच. दुसऱ्या सर्व्हिसिंगनंतर तिसऱ्या दिवशी त्या भर दुपारी गाडी घेऊन परत आल्या आणि थेट विश्वजित सरांना बाहेर उन्हात घेऊन गेल्या.

"हे काय आहे?"

"मॅडम, काळ्या रंगाचं असंच असतं. आणि तुम्ही बाहेर कुठं तरी धुतली असणार."

"मी कुठंही धुतलेली नाही. तुमच्याकडं दोनदा धुतली, तेवढीच." त्यांची नजर नागसेनकडं गेली. तो हातात स्पंज घेऊनच उभा होता. "काका, तुम्हीच धुता ना? खरं सांगा. इथं धुतल्यानं झालं का हे?"

विश्वजित सर त्याच्याकडं बघत होते. नागसेननं बॉनेटकडं बघितलं. त्यातले काही चरे त्याच्याच हातचे होते, हाताचं वळण त्याला ओळखू येत होतं.

"व्हय मॅडम," तो म्हणाला. "हितंच झालंय. माझ्याच हातनं."

मॅडमनी वर कंपनीला लेखी तक्रार केली, आणि त्यात नागसेनचं वाक्य जसंच्या तसं घातलं. त्यांचा हेतू चांगला होता. त्याला साक्षीदार केलं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आठ दिवसांनी नागसेनला आत बोलावलं. टेबलावर एक कागद होता आणि शेजारी एक जुना तक्ता, चार वर्षं धुण्याच्या जागी भिंतीवर टांगलेला. इंग्रजीत लिहिलेला, पण चित्रं कळत होती: दोन बादल्या, वरच्या भागाला एक स्पंज, खालच्याला दुसरा. शोरूमनं तसल्या वस्तू तिथं कधी दिल्याच नव्हत्या. पण एकदा नुसता चहा-समोसा देऊन, ट्रेनिंग झालं म्हणून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यात नागसेनचीही होती.

"पद्धत माहीत असून तुम्ही पाळली न्हाईसा," विश्वजित सर म्हणाले. "तसं ह्या कागदावर लिवलंय. सही करा, नोकरी ऱ्हाईल."

"सर, दुसरी बादली मी आणलीती. तुम्हीच..."

"शिंगे, पोरीचं शेवटचं वर्ष हाय न्हवं?"

त्यानं सही केली.

मॅडमची गाडी पॉलिश करून द्यायचं ठरलं. तिथं एवढी सफाई फक्त नागसेनच्या हाताला होती. तो दोन दिवस त्या काळ्या गाडीपाशी होता. पॉलिश म्हणजे तरी काय, चरे दिसेनासे व्हावेत म्हणून वरचा थर आणखी थोडा झिजवायचा. आपण रंगाचं आयुष्य कमी करतोय हे त्याला ठाऊक होतं. तरीसुद्धा मशीन इतक्या हलक्या हातानं धरलं, की ज्ञानू जेवण सोडून बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीच्या दारात तोंड बघून भांग पाडावा अशी ती झाली. चार वर्षांत पहिल्यांदा नागसेनला आपण पेंटर असल्यासारखं वाटलं. तो तोंड धुवायला गेला.

परत आला तर गाडी जागेवर नव्हती. ती धुण्याच्या जागी उभी होती, फेसानं पांढरी झालेली, आणि ज्ञानूचा हात टपावरून गोल गोल फिरत होता. त्याआधी त्यानं उसाच्या रानातून आलेली जीप धुतली होती. बादली तीच होती.

"ज्ञानू, थांब! आरं थांब की!"

"पॉलिशची पावडर बसलीती वर," ज्ञानू गोंधळून म्हणाला. "धुतल्याबिगर गाडी द्यायची न्हाय, नियम हाय न्हवं का? सरांनीच सांगितलं."

नागसेन ओल्या फरशीवर खाली बसला. खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबेना. ज्ञानू पाठीवर हात फिरवत होता आणि म्हणत होता, "आरं, दिसत न्हाय काय बी. बघ की, दिसत न्हाय."

पुढच्या महिन्यात ठेकेदारानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, "तुझ्या सहीचा कागद हाय की त्यांच्याकडं."

उद्यमनगरात जाऊन त्यानं विचारून बघितलं. जुन्या मालकानं पाठीवर थाप मारली, चहा पाजला आणि म्हणाला, "पेंटर, तुझी छाती अशी. उद्या काय बरंवाईट झालं तर?" ते खोटं नव्हतं.

एकदा तेजस्वी मॅडमचा फोन आला; तक्रार लिहिताना त्यांनी त्याचा नंबर घेतला होता. नोकरी गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. नागसेननंही सांगितलं नाही.

"काका, पुन्हा तसेच चरे दिसतायत. पुढची सर्व्हिसिंग आली. काय करू?"

"सांगायचं, की गाडी धुऊ नका म्हणून. कागदावर लिवून घ्यायचं."

"पॉलिशला दिली तेव्हाच लिहून दिलं होतं. तरी धुतली. म्हणाले, फुकट आहे मॅडम, राहू दे."

"मग घरी धुवा. दोन बादल्या घ्यायच्या..."

"चौथ्या मजल्यावर राहते काका. पाणी एक दिवसाआड येतं."

"बघा," एवढंच तो म्हणाला. मॅडमनी फोन ठेवला.

"कुणाचा होता?" रूपालीनं विचारलं.

"गाडीवाल्या मॅडमचा."

"बोलावत्यात काय कामाला?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

आता तो मुरगूडजवळच्या एका मंगल कार्यालयात राखणदार आहे. लग्नाच्या दिवशी पटांगणात गाड्या लागतात, बहुतेक नव्या, धुऊन पुसून आणलेल्या. ऊन चढलं की एकेका बॉनेटवर तेच चऱ्यांचं जाळं उठायला लागतं. पाव्हणे गाडीला टेकून फोटो काढतात. नागसेन आपली खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवतो. गाड्यांकडं पाठ करून बसणारा हा कसला राखणदार, म्हणून कार्यालयाचे मालक त्याला दोनदा बोलले. तो उठतो, खुर्ची फिरवतो, आणि ते आत गेले की पुन्हा भिंतीकडं वळवून बसतो.