गुडघ्याखालची उशी

गार्नेट फ्रीझनचा डावा गुडघा बदलला तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. त्याला जन्मापासून हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आजार. सांध्यात आतल्या आत रक्त उतरायचं आणि दर वेळी सांधा थोडा झिजायचा. कॅनडातल्या अल्टोना गावात शिलाईयंत्रं दुरुस्त करणारा हा गृहस्थ शेवटी शेवटी गिऱ्हाईक आलं तरी खुर्चीतून उठेना. लोकांना वाटायचं, शिष्ट आहे. तसा तो होताही थोडा.

विनिपेगच्या इस्पितळात शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. घोळ झाला तो घरी आल्यावर, आणि तोही प्रेमापोटी.

त्याची आई अगाथा, वय ब्याऐंशी, वेरेनिक्यांचा, म्हणजे पनीर भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन मुलाकडे राहायला आली. तो लहान असताना गावात औषध मिळत नव्हतं, तेव्हा तिने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. गुडघा दुखला की बर्फ, गुडघ्याखाली उशी, आणि "हलू नकोस!" पाचव्या दिवशी नवा गुडघा ठणकू लागला. मायलेकांच्या मनात एकच आलं: रक्त उतरलं. गार्नेटने स्वतःच शीर शोधून रक्त गोठवणारं औषध टोचून घेतलं. हे काम त्याला अकराव्या वर्षापासून येत होतं. आईने उशी सरकवली. इस्पितळात कळवलं नाही, कारण कळवलं की ठेवून घेतात, असं या आजाराच्या जुन्या माणसांचं ठाम मत. व्यायामाला बोलावणं आलं तर "सर्दी झालीय" अशी थाप. असे दहा दिवस गेले.

इस्पितळात व्यायाम करून घेणारी मारिविक मूळची फिलिपिन्सची. थोरल्या भावाला म्हणतात तसं ती गार्नेटला 'कुया' म्हणे. तिने गुडघा किती वाकतो ते मोजलं आणि कपाळावर हात मारला.

"पन्नास अंश! कुया, काय केलंत घरी?"

"रक्त उतरलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"आईने."

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाही हो. आई आहे."

तपासणीत रक्ताचा थेंबही निघाला नाही. पण सर्जन स्पष्टच बोलले: सहाव्या आठवड्यापर्यंत गुडघा नव्वद अंश वाकला नाही, तर भूल देऊन वाकवावा लागेल. म्हणजे पुन्हा रक्तस्रावाची टांगती तलवार. गार्नेटची पाचावर धारण बसली.

मारिविकने त्याला शांतपणे विचारलं, "रक्त उतरताना आत काय होतं?"

"आधी चुरचुरतं. सोड्याची बाटली उघडल्यासारखं. मग तट्ट होतं."

"आणि आत्ता?"

त्याने डोळे मिटले. "ओढ बसते. थांबलं की उतरते."

"मग ही कामाची कळ. ती आली की मला शिव्या घाला, पण वाकवत राहा. सोडा फसफसला, तर मात्र लगेच सांगायचं. सर्दीबिर्दी चालणार नाही! आणि ती उशी आधी काढा. तिच्यामुळे पाय सरळही होणार नाही."

औषध टोचून झालं की व्यायाम, असा क्रम सुरू झाला. पहिल्या दिवशी अगाथाबाई तरातरा बाहेर निघून गेल्या. "माझ्या देखत पोराचा पाय मोडतेय ही बया!" तिसऱ्या खेपेला मारिविकने त्यांचा हात धरून गुडघ्यावर ठेवला.

"आजी, तापला, फुगला असं वाटलं, तर मला थांबवा. तुमच्याइतका हा गुडघा कुणाला कळतो?"

म्हातारीने हात काढला नाही. गार्नेट घरच्या बोलीत शिव्या घालू लागला तेव्हा एवढंच म्हणाली, "तिला नाही कळत, पण मला कळतं हं!" पण थांबवलं मात्र एकदाही नाही.

सहाव्या आठवड्यात त्र्याण्णव अंश भरले. मारिविकचे दोन्ही हात धरून गार्नेट नुसता "थँक यू, थँक यू" म्हणत राहिला. तिचेही डोळे भरले. उपकार हा शब्द त्याला एरवी आवडत नसे; त्या दिवशी मनात दुसरा आला नाही.

बाहेर येऊन तो कोट चढवत होता. आई एकदम म्हणाली, "गार्नेट, मी तुला उगाच रे निजवून ठेवलं, एवढी वर्षं?"

त्याचा हात बाहीतच थांबला. "तेव्हा औषध कुठे होतं, आई? माझ्याबरोबरची किती पोरं गेली. तू निजवलंस म्हणून मी उरलो. हे तुला कधी बोललो नाही, तेवढं चुकलं."

तिने कोटाची दुसरी बाही त्याच्यापुढे धरली. "मग आता मी काय करू?"

"आता रोज सकाळी मला उठवत जा."