दगडातली चाकोरी

शेजारच्या ओमा आम्हाला जंगलातले जुने ‘ग्लाइस’ दाखवायला घेऊन गेल्या, तेव्हा माझी मुलगी वाटभर ट्रेन शोधत होती. ग्लाइस म्हणजे तिच्या लेखी स्टेशनवरचे रूळ.

ओमा म्हणजे आजी. आमच्याच मजल्यावर एकट्या राहतात. मला जे काही जर्मन येतं ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. नववीत शाळा सुटलेल्या बाईला त्यांनी धरून बसवलं, परीक्षेला धाडलं आणि मी पासही झाले. त्यांचे उपकार रोज आठवतात. पण त्याला चिकटूनच भीती येते, की उद्या कुणीतरी दार वाजवून म्हणेल, चूक झाली, तो पेपर तुमचा नव्हताच.

परीक्षा नागरिकत्वाची होती. सोमवारी टर्मीन होती, ऑफिसात जायची ठरलेली वेळ. सगळं माझ्या होकारावर अडलं होतं, कारण इथलं नागरिकत्व घेतलं की आपला पासपोर्ट परत द्यावा लागतो.

“अगं, पासपोर्टचा रंग बदलतो. माणूस तोच राहतो,” नवरा म्हणाला होता. तो माझा आतेभाऊ. लग्नाआधी अरे-तुरे होतं, आता अहो.

“अहो, रविवारपर्यंत राहू द्या,” मी म्हणाले होते. रविवार उजाडला आणि मी ओमांबरोबर जंगलात निघून आले.

कायझर्सलाउटर्न मागे टाकून बरंच आत गेलं की लाल दगडाची एक चढण लागते. वाट खचत खचत इतकी खोल गेलीय, की दोन्ही बाजूंची माती डोक्याच्या वर येते. आत शिरलं की आवाज मरतो. आपलं पाऊलसुद्धा दुसऱ्याचं वाटतं.

तिथं उघड्या दगडात दोन चर होते. कोपरापर्यंत हात जाईल एवढे खोल, आणि त्यांत काळं पाणी साचलेलं.

“आणि ट्रेन?” मुलीनं जर्मनमधून विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कधी मराठीत येत नाही.

“लेट आहे,” ओमा म्हणाल्या. “नेहमीसारखी.”

मग त्यांनी सांगितलं, की ग्लाइस हा शब्द आधी गाडीच्या चाकांनी पडलेल्या खुणेचा. रूळ फार नंतर आले.

“आमच्याकडे चाकोरी म्हणतात,” मी म्हणाले. वडील कारखान्याला उसाची गाडी न्यायचे. चाक चाकोरीला लागलं की कासरा सैल सोडून बसल्या बसल्या डुलकी काढायचे. इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडात आला, आणि त्याबरोबर बैलांच्या अंगाचा वासही आला.

बाजूलाच आणखी दोन चर होते, पण अगदी उथळ.

“ते परतीचे,” ओमा म्हणाल्या. आधी कित्येक पिढ्या इथून लाकूड आणि मीठ गेलं. मग नापिकी आली आणि माणसं जायला लागली. पेट्या, भांडी, पोरंबाळं गाडीत घालून अमेरिकेच्या बोटीसाठी. तिकडे उतरून पुन्हा गाड्याच, पुन्हा रानातून वाट पाडणं. “इथून गाडी भरून जायची आणि रिकामी यायची. गाव या वळणापर्यंत सोडायला यायचं. पुढे चर्चची घंटा ऐकू येत नाही.”

मी वळणाकडे पाहिलं. मुलगी त्या खोल चरातून पाणी उडवत पुढे चालली होती, पाठमोरी. वळणाशी दिसेनाशी झाली.

हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. वारा नव्हता, तरी चरातलं पाणी हलत होतं, मागून जड काहीतरी येत असल्यासारखं. मग लांबून, दगडाच्या आतून आल्यासारखा, लहान मुलीचा आवाज आला. जर्मनमधून. क्षणभर मला कळेना, की हे माझंच पोर आहे की त्या गाड्यांमधलं.

ती ओल्या मोज्यांनी परत आली. मी तिला घट्ट धरलं आणि निघताना सवयीनं दगडाला हात लावून म्हणाले, “येते.”

“काय म्हणालीस?” ओमांनी विचारलं.

आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात, हे मी समजावलं. ओमांनी वळणाकडे बोट केलं. “आल्झो, म्हणजे बघ, माझी आजी सांगायची, इथं आउफ विडरझेन म्हणायचं नाही. त्याचा अर्थ पुन्हा भेटू. खोटं पडेल ना.”

आमच्यातही दुःखाच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत, मुकाट्यानं निघतात. वडिलांचे दिवस झाल्यावर मी माहेराहून तशीच निघाले होते. आई दारात होती. ती काही बोलली नाही आणि मीही नाही. त्यानंतर जाणं झालंच नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, “माझं हो आहे. पण आधी एकदा आईकडे जाऊन येते. याच पासपोर्टवर.”

“नंतरही जाता येईल की, व्हिसा काढून.”

“व्हिसा काढून माहेरी?”

तो हसायला लागला आणि मधेच थांबला. “टर्मीन पुढे ढकलावी लागेल.”

“ढकला.”

मग आईला फोन लावला. पाठीमागे मुलगी हीटरवर मोजे वाळत घालत होती.

“आई, येते गं.”

“कुठं निघालीस?” आई म्हणाली.