अ‍ॅपने लपवलेला आकडा

"मॅडम, अ‍ॅप काढून टाकलं, परत टाकलं. फोन रीस्टार्ट केला, बॉक्स रीस्टार्ट केला. आता फक्त मी रीस्टार्ट व्हायची राहिलेय." असं म्हणून प्रणालीने फोन माझ्यासमोर धरला.

स्क्रीनवर एक निळं गोल फिरत होतं. बराच वेळ फिरून ते थांबलं आणि खाली वाक्य आलं: 'काहीतरी चुकलं आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. काहीतरी म्हणजे काय? डॉक्टरने नाडी बघून "तुम्हाला काहीतरी झालंय, उद्या परत या" म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? पण फोनने म्हटलं की आपण निमूटपणे परत प्रयत्न करतो.

मी पनवेलला एसटी स्टँडच्या मागे नेटवर्किंगचं छोटं ऑफिस चालवते. कामं बहुतेक ऑफिसांची आणि गोदामांची. जासईच्या कंटेनर यार्डांत कॅमेरे आणि वायफाय सांभाळण्यात माझा निम्मा आठवडा जातो. घरगुती ब्रॉडबँडच्या वाट्याला मी जात नाही. पण प्रणाली माझ्या मामेबहिणीची मैत्रीण, आणि सकाळी फोनवर तिचा आवाज रडवेला झाला होता. म्हणून जासईला जाण्याआधी गाडी विचुंब्याकडे वळवली.

तिची अडचण साधी होती, पण वेळेची होती. तिला एका विमा कंपनीत घरून काम करायची नोकरी लागली होती. ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची. जॉइनिंगच्या आधी कंपनीचा माणूस लांबून तिच्या लॅपटॉपवर येऊन लाइन तपासणार होता, आणि ती तपासणी त्याच दिवशी दुपारी तीनला होती. मोबाइलचं हॉटस्पॉट चालणार नाही, घरात तारेची लाइनच हवी, अशी अट होती. लाइन नसेल तर जागा यादीतल्या पुढच्याला.

"लग्नानंतरची ही माझी पहिली नोकरी आहे," ती म्हणाली. मग दरवाज्याकडे बघून आवाज खाली आणला. "आणि बाबांना पसंत नाही. 'घरात काय कमी हाय?' एवढंच म्हणाले. त्यानंतर विषयच नाही काढला."

बाबा म्हणजे तिचे सासरे. खाली ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी आत येताना "काका, नमस्कार" म्हटलं तर त्यांनी मान हलवली आणि परत रस्त्याकडे बघायला लागले. विचुंब्यातलं जुनं शेतकरी घराणं. जमिनी गेल्यावर पुढची पिढी डंपर आणि बांधकामाच्या धंद्यात उतरली. घर तीन मजली, आणि खरोखरच कमी काहीच नव्हतं.

आता ही नवी पद्धत सांगते. पूर्वी ब्रॉडबँड घेतलं की कंपनीचा माणूस यायचा, तार आणायचा, बॉक्स लावायचा, चालू करून दाखवायचा आणि चहा पिऊन जायचा. आता काही कंपन्यांनी त्यातला अर्धा माणूस कमी केलाय. लाइनमन येऊन फायबर घरात आणतो, बॉक्सला लावतो आणि पुढच्या घरी जातो. उरलेलं काम ग्राहकाने अ‍ॅपवरून करायचं. प्रणालीकडे लाइनमन आदल्या संध्याकाळी येऊन गेला होता. खातं सकाळी सुरू होईल असं अ‍ॅप म्हणालं. सकाळी खातं सुरू झालं, पण अ‍ॅपला बॉक्स काही सापडेना.

"कॉल सेंटरला विचारलंस?"

"विचारलं ना. अ‍ॅप अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा म्हणाले."

"मग आता अ‍ॅपला विसर," मी म्हटलं.

"अ‍ॅपशिवाय होतं?"

होतं. अ‍ॅप काही जादू करत नाही. प्रत्येक बॉक्सच्या पोटात त्याचं स्वतःचं एक पान असतं, वेबसाइटसारखं. लॅपटॉप तारेने बॉक्सला जोडायचा, ब्राउझरमध्ये बॉक्सचा पत्ता टाकायचा की ते पान उघडतं. इंटरनेट नसलं तरी उघडतं, कारण ते पान घरातच असतं. अ‍ॅप आपल्यामागे तिथेच जाऊन माहिती भरतं आणि आपल्याला फक्त निळं गोल दाखवतं.

पत्ता आणि पासवर्ड बॉक्सच्या तळाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. मी बॉक्स उलटा केला, तर आत काहीतरी खुळखुळलं.

नव्या कोऱ्या बॉक्सने खुळखुळू नये. स्क्रू सुटला असेल म्हणून मी सोडून दिलं. स्टिकरचा एक कोपरा ओलसर होऊन उचलला गेला होता, त्याकडेही दुर्लक्ष केलं. त्या क्षणी मला फक्त पासवर्ड हवा होता.

पान उघडलं. आता त्यात भरायला कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड हवा. याला पीपीपीओई म्हणतात. नाव भयंकर, अर्थ सोपा: बॉक्सने कंपनीच्या दारात जाऊन आपलं नाव आणि परवलीचा शब्द सांगायचा, पटलं तर आत सोडणार. ही माहिती अ‍ॅप गुपचूप भरतं, त्यामुळे ग्राहकाला ती कधी कळतच नाही. मी या भागातली लाइन सांभाळणाऱ्या सलीमभाईंना फोन लावला. ओळख जुनी आहे.

"मॅडम, अ‍ॅपनेच करायचं असतं. वरून सख्त ऑर्डर आहे."

"सलीमभाई, अ‍ॅप जे टाइप करतं तेच मी बोटांनी टाइप करणार. वरच्यांना कसं कळेल?"

"तुम्ही ऐकणार नाही."

"नाही."

"कस्टमरच्या नंबरवर एसएमएस टाकतो. ओटीपी येईल, तो तिने मला सांगायचा. म्हणजे मी मोकळा."

युजरनेम आलं, पासवर्ड आला. सोबत एक छोटा नंबर. एकाच फायबरमधून टीव्ही, फोन आणि इंटरनेट वेगवेगळ्या लेनने धावतात, त्यातली आपली लेन कोणती ते सांगणारा. सगळं भरलं, सेव्ह केलं. प्रणाली माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. पानावर शब्द आला: 'कनेक्टिंग'. आणि तो तिथेच बसला.

"हेही गोलच झालं की," ती म्हणाली.

"नाही. हे पान अ‍ॅपसारखं लबाड नाही. विचारलं तर सांगतं."

मी त्या पानाच्या आतल्या एका कोपऱ्यात गेले, जिथे बॉक्सपर्यंत प्रकाश किती पोचतोय ते लिहिलेलं असतं. फायबर म्हणजे केसाएवढी काच. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. त्याचं मोजमाप उणे आकड्यात असतं. उणे एकोणीस, वीस म्हणजे छान. जसजसा आकडा उण्यात वाढतो तसतसा प्रकाश कमी. पंचवीसच्या पुढे आजारपण, अठ्ठावीसच्या पुढे बॉक्स आंधळा.

तिथे उणे एकोणतीस होतं.

मला एकदम हुशारी आली. काम झालं नव्हतं, उलट वाढलं होतं, पण आता हातात काहीतरी ठोस होतं. बॉक्स दारात पोचतच नव्हता, तर नाव कुठून सांगणार? अ‍ॅपला हा आकडा सकाळपासून दिसत असणार. त्याने तो दाबून ठेवला आणि एका मुलीला सकाळभर तेच अ‍ॅप काढायला आणि परत टाकायला लावलं.

परत सलीमभाई. "काल तुमच्या माणसाने लाइट मोजला होता का?"

"मोजल्याशिवाय निघत नाही तो. उणे एकोणीस होता. मला फोटो पाठवलाय."

म्हणजे काल संध्याकाळी उणे एकोणीस, आज उणे एकोणतीस. आणि फायबर एका रात्रीत आपणहून आजारी पडत नाही. तार कुठे दुमडलीय का, ते मी खिडकीपासून टेबलापर्यंत हाताने चाचपत बघितलं. कुठेच काही नाही. उरला तो टोकाचा हिरवा प्लग, जो बॉक्समध्ये खोचतात.

"हा प्लग कोणी काढला होता?"

"मी नाही. लाइनमन म्हणाला होता, हात लावू नका."

"कोणीतरी काढलाय."

प्रणालीचा चेहरा उतरला. ती पलंगाच्या कडेवर बसली. "सकाळी मी पोराला शाळेत सोडायला गेले होते. सासूबाई माहेरी गेल्यात. घरात बाबाच होते."

मी तार परत एकदा चाचपली.

"तोंडाने नाही म्हणाले नाहीत ना," ती म्हणाली, "म्हणून तार काढली. परत लावली, पण धड लावली नाही. मी बोलले नव्हते तुम्हाला?"

मला फार वाईट वाटलं. लोकांच्या जागेत तारा ओढताना अशी भांडणं कानावर पडतात, मी त्यात पडत नाही. पण खरं सांगू? मलाही तेच वाटलं. खाली बसलेल्या त्या गप्प माणसाचा मला रागच आला.

तरी माझा एक स्वभाव आहे. नुसतं काम होऊन भागत नाही, का बिघडलं ते कळल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. प्लग नुसता खोचून देण्याऐवजी मी तो काढला, बॅगेतून फायबर पुसायचा कागद काढला, त्यावर स्पिरिटचा थेंब टाकला आणि प्लगचं टोक अलगद पुसलं. चष्म्यावर बोट उमटलं की समोरचं धूसर दिसतं, तसंच या टोकाचं असतं. बोटाचा तेलकटपणासुद्धा त्याला जड जातो.

कागदावर बोटाचा डाग उमटला नाही. पिवळी रेघ उमटली, आणि तिच्या कडेला लाल.

मी बॉक्स उचलून कानाशी हलवला. खुळखुळ. वरच्या जाळीच्या फटी खाली करून टेबलावर हलकेच आपटला, तर आतून तांदळाचा एक दाणा बाहेर पडला. लालसर. त्याच्यामागून दुसरा.

"प्रणाली, हे बघ."

तिने कागद बघितला. दाणे बोटाने उचलले. मग तडक जिन्याने खाली गेली. मीही मागोमाग गेले. कुतूहल आवरत नव्हतं हे कबूल करते.

"बाबा, तुम्ही बॉक्स देवापुढे नेला होता?"

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला.

"नेला व्हता. मंग? डंपर आनला तवा पूजा केली, पंप आनला तवा केली. तुजी कामाची वस्तू घरात आली, तिची नाय करायची?"

"मला सांगितलं का नाही?"

"तू वरडली असतीस, इलेक्ट्रिकची वस्तू वली केली म्हून. ती हिरवी तार काडली, देवापुढं ठेवला, हलद-कुकू लावला, अक्षता टाकल्या. मंग फडक्यानं पुसला आन् होता तसा लावला." मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "बाय, माज्यामुलं बिगाडला का वो?"

"बिघडला नाही काका. फक्त डोळ्यात कुंकू गेलंय त्याच्या. पुसते मी."

प्रणाली वाकून त्यांच्या पाया पडली, आणि त्यांनी "बस, बस, तीन वाजतील तुजं" म्हणून तिला वर पिटाळलं. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी तिच्याही पुढे जिना चढले.

बाकीचं काम सोपं होतं. नुसत्या प्लगने भागलं नाही, कारण बॉक्सच्या आतल्या सॉकेटलाही थोडं कुंकू लागलं होतं. त्यासाठी पेनासारखी एक काडी मिळते, ती आत घालून फिरवायची. प्लग परत खोचला. पान उघडलं. उणे वीस. मी काही करायच्या आत बॉक्सने स्वतःच दार ठोठावलं, नाव सांगितलं, आणि 'कनेक्टिंग'च्या जागी 'कनेक्टेड' आलं. प्रणालीच्या फोनवरचं अ‍ॅप त्या वेळीही निळं गोल फिरवत होतं. तिने ते काढून टाकलं आणि परत टाकलं नाही.

तीन वाजता कंपनीचा माणूस लांबून तिच्या लॅपटॉपवर आला. वेग बघितला, तारेचीच लाइन आहे ना ते बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि सोमवारी जॉइन करा म्हणाला. मला तिथे थांबायची गरज नव्हती. जासईवाल्यांना उशीर होईल असं कळवून मी थांबले.

प्रणाली खाली सांगायला गेली तेव्हा काकांनी मान डोलावली. मग घरभर ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर आपल्या बायकोला बजावलं, "सोमवारपासून वरच्या खोलीत पोराला नाय जाऊ द्यायचा. ती कामावर असल."

त्यानंतर मी घरगुती कामंही घ्यायला लागले. आता माझ्या ऑफिसातले लोक नवीन लाइन देतात तेव्हा ग्राहकाला दोन सूचना देतात. हिरव्या प्लगच्या टोकाला बोट लावू नका. आणि पूजा करायची असेल तर बॉक्स आहे त्या जागी करा, तार काढू नका, कुंकू झाकणावर लावा. दुसरी सूचना ऐकून घरातले सगळे हसतात. एखादं मोठं माणूस मात्र हसत नाही, लक्ष देऊन ऐकतं. त्यांच्याकडे बघून ती सूचना परत एकदा सांगायची, असं मी माझ्या लोकांना शिकवलंय.