पुसलेला पासवर्ड

ती घटना मला आजही क्रमाने आठवते. तारखा आणि नावं मात्र देणार नाही, कारण त्यातली माणसं याच शहरात राहतात आणि बाजारात मला भेटतात. तुम्ही दोघं फोनवर विचारता, "आजी, तू चोर कसे पकडायचीस?" धावून पकडलेले चोर माझ्या नोकरीत थोडेच. बरेचसे कागद वाचून सापडले. हा त्यातलाच एक.

मी तेव्हा रत्नागिरीत सहायक पोलीस निरीक्षक होते. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, म्हणून ठाण्यात संगणकाचं काहीही आलं की ते माझ्या टेबलावर यायचं. जणू संगणक म्हणजे इंग्रजीचा निबंध.

एके सकाळी हजेरी संपते तोच मिरकरवाड्याहून तीन तांडेल आले. तांडेल म्हणजे बोटीवरचा प्रमुख. समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. त्यांच्या मच्छीमार सोसायटीची निवडणूक जवळ आली होती. आदल्या दिवशी मतदारयादी फळ्यावर लागली, आणि त्यात या तिघांसकट त्रेचाळीस सभासदांची नावंच नव्हती.

"विचारलं तर म्हणतात, कम्प्युटरमध्ये तुम्ही निष्क्रिय आहात," सगळ्यांत वयस्कर तांडेल म्हणाला. "मॅडम, काल बोट लावली मी. हाताला अजून खवले आहेत, बघा. नि ह्यांचा कम्प्युटर सांगतो मी निष्क्रिय."

"घरी भाभी पण तेच सांगते," दुसरा म्हणाला.

"तू गप रे. अर्ज लिहायचाय."

अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन सोसायटीत गेले. तिथे दोन संगणक होते. एक बाहेर कारकून बाईच्या टेबलावर, दुसरा सेक्रेटरींच्या केबिनमध्ये. सभासदांची सगळी माहिती एकाच डेटाबेसमध्ये होती आणि ती दोन्हीकडून उघडता यायची. प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा. कोणी बदल केला की त्याच्या नावासह वेळेची नोंद आपोआप व्हायची.

सेक्रेटरींनी मी विचारायच्या आधीच एक फाईल पुढे केली. कागदांना भोकं पाडून, दोरी ओवून, नीट लावलेली. तीन रकाने होते: सभासद, बदलाची वेळ, बदल करणाऱ्याचं नाव. चार दिवसांपूर्वी दुपारी तासाभरात त्रेचाळीस बदल झाले होते, आणि प्रत्येकापुढे कारकून बाईचं नाव होतं. त्याखाली लाल शाईच्या रेघा.

"घरच्यासारखी पोरगी, मॅडम," ते म्हणाले. "मीच हिला कामाला लावली. पण पुरावा तुमच्यासमोर आहे."

न मागता पुरावा, तोही भोकं पाडून, आणून देणारा माणूस भेटला की मी त्याचा चहा घ्यायचे आणि मनात त्याच्या नावापुढे एक खूण करायचे. खूण म्हणजे आरोप नव्हे. काही माणसं खरोखरच टापटिपीची असतात. मीही आहे.

कारकून बाई पंचविशीची, त्यांच्याच वाडीतली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. महिला शिपायासमोर मी तिचा जबाब घेतला.

"हे बदल तू केलेस?"

"नाही, मॅडम."

"तुझा पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"कुठे लिहून ठेवलायस? कोणाला सांगितलास?"

"नाही. शपथेवर सांगते."

तिचं हे खरं उत्तरच तिच्या गळ्याशी आलं. पासवर्ड दुसऱ्या कोणाला माहीत नसेल, तर बदल तिनेच केले असणार. बाहेर बाकावर तिचे सासरे छत्री मांडीवर आडवी धरून बसले होते. मला पाहून उठले. "मॅडम, गाडीत घालून नेऊ नका एवढंच," ते म्हणाले. "उद्यापासून ती घरीच राहील." म्हणजे तिच्या नोकरीचा निकाल त्यांनी बाकावरच लावला होता. आणि इकडे आमच्या साहेबांचा निरोप होता की दुपारच्या आत अटक दाखवा, बंदरात वातावरण तापतंय.

मी साहेबांकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. जो गुन्हा संगणकावर झाला तो मला संगणकावर होताना पाहायचा होता. दोन पंच बोलावले, सोसायटीचं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या माणसालाही बोलावलं आणि बाईला तिच्या खुर्चीत बसवलं.

"रोज करतेस तसं उघड."

तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर उत्तर आलं, पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा टाकला. तेच. तिसऱ्यांदा तिने हात कीबोर्डवरून काढून घेतला.

"मी विसरले, मॅडम."

"आज विसरलीस?"

"नाही. आठ दिवस झाले."

मी हातातला पेन खाली ठेवला. "मग आठ दिवस काम कसं केलंस?"

ती केबिनच्या दाराकडे बघून म्हणाली, "काकांच्या नावाने." सेक्रेटरींना ती काका म्हणायची. "त्यांनीच त्यांचा पासवर्ड दिला. म्हणाले, तू विसरलीस हे कोणाला बोलू नको. कमिटी आधीच म्हणत होती की बाईमाणसाला कम्प्युटर जमणार नाही, आता हसतील."

"मला सकाळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं, पासवर्ड कोणाला दिला. तो कोणाला दिलाच नाही. आणि विसरले म्हणून सांगायची लाज वाटली."

बदल चार दिवसांपूर्वीचे. आठ दिवसांपासून तिला स्वतःच्या नावाने आतच जाता येत नव्हतं.

सॉफ्टवेअरवाल्याला मी विचारलं, "हिचा जुना पासवर्ड काय होता ते सांगू शकाल?"

"मलासुद्धा दिसत नाही तो. कोणालाच वाचता येत नाही. पुसता येतो फक्त. पुसला की नवा घालायचा."

"पुसायची परवानगी कोणाला?"

त्याने परवानग्यांची यादी उघडली. दोनच नावं होती. एक त्याचं, एक सेक्रेटरींचं.

ती पासवर्ड विसरली नव्हती, आणि तो कोणी चोरलाही नव्हता. चोरता येत नव्हता म्हणूनच तो पुसावा लागला, आणि पुसल्यामुळे ती बाहेर राहिली. ती बाहेर राहिली नसती, तर आम्हाला कधीच कळलं नसतं.

"बदलाच्या नोंदीत आणखी काय राहतं?" मी विचारलं.

"चौथा रकाना आहे ना. कोणत्या संगणकावरून केला ते."

सेक्रेटरींच्या टापटिपीच्या फाईलमध्ये हा रकाना छापलेला नव्हता. आम्ही पंचांसमक्ष पूर्ण नोंद छापली. कारकून बाईच्या नावावरचे त्रेचाळीस बदल केबिनमधल्या संगणकावरून झाले होते. आणि त्याच तासात सेक्रेटरींच्या नावावर बोटींच्या नोंदी पडत होत्या, त्या बाहेरच्या टेबलावरून. दोघांच्या नावांची अदलाबदल झाली होती. माणसं आपापल्या जागीच होती.

सेक्रेटरी म्हणाले, "माझ्या केबिनमध्ये कोणीही येऊन बसतं."

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "मॅडम, ते त्रेचाळीस जण निवडणुकीत मला पाडणार होते." मी त्यांना शब्द न बदलता ते पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. दोन्ही संगणक सील करून तपासणीसाठी पाठवले. तपासणीचा अहवाल आमच्या बाजूने आला. यादी दुरुस्त होऊन निवडणूक पार पडली.

सासऱ्यांशी मी एकदाच बोलले. म्हटलं, तुमच्या सुनेने एकही शब्द खोटा सांगितला नाही. चूक प्रश्न विचारणारीची होती. सोमवारी ती कामावर दिसली.

त्या दिवसापासून जबाब घेताना मी एक सवय लावून घेतली. माझे सगळे प्रश्न संपले की समोरच्याला विचारायचे, "मी काय विचारलं नाही?" लोक खोटं बोलतात त्याहून जास्त वेळा ते फक्त विचारलेल्याचंच उत्तर देतात. आणि कागदावर एखाद्याचं नाव आहे म्हणजे तिथे तोच माणूस होता, असं मी पुन्हा कधी धरलं नाही. त्या सकाळी मी ते जवळजवळ धरलं होतं. त्या लाल रेघा पाहून साहेबांना होकार कळवला असता, तर गाडी तिच्या दारात उभी राहिली असती.

संगणक परत आल्यावर सॉफ्टवेअरवाल्याने जुन्या परवानग्या काढून नव्या दिल्या, ज्याला जेवढं लागतं तेवढ्याच. शेवटी कारकून बाईचा नवा पासवर्ड घालायचा होता. नवीन सेक्रेटरी, दोन कमिटीवाले, तो वयस्कर तांडेल आणि मी तिच्या खुर्चीमागे उभे होतो. तिने कीबोर्डवर हात ठेवले आणि थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही जरा तिकडे बघा."

कमिटीवाले माझ्याकडे बघायला लागले. तांडेल हसला आणि खिडकीकडे वळला. मीही पाठ फिरवली.