भाऊजी त्या सभेला गेले होते

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, डॉक्टर भाऊजी, गेले त्याला पाच आठवडे झाले. बातमी द्यायला फ्रीमाँटहून त्यांची नात नेहा हिचा फोन आला. मी इथे अमेरिकेतच, बॉथेलला लेकीकडे असते. रडून झाल्यावर ती म्हणाली, "मावशीआजी, शोकसभेत मी स्पीच देणारेय. आजोबा साउथमध्ये त्या रेसिस्ट पुढाऱ्याच्या अगेन्स्ट उभे राहिले होते ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आजोबांनीच."

त्यांच्या अंगणातली त्या पुढाऱ्याच्या नावाची पाटी मी डोळ्यांनी पाहिली होती.

मी चौथी शिकलेली. ताईच्या बाळंतपणासाठी म्हणून या देशात आले, तेव्हा भाऊजी दक्षिणेत एका गावात डॉक्टर होते. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्याच राहाव्यात म्हणणारा एक पुढारी दोन्ही मोठे पक्ष सोडून, स्वतःचा तिसरा पक्ष काढून राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. भाऊजींना मताचा हक्कही नव्हता. तरी अंगणात त्याच्या प्रचाराची पाटी रोवलेली! गोऱ्या पेशंटना सांगायचे, आम्ही मूळचे आर्य, म्हणजे तुमच्यातलेच. पेशंट हसून मान डोलवायचे. मला ते हसू तेव्हाही बरं वाटलं नव्हतं.

पुढाऱ्याची गावात सभा झाली. भाऊजी नवा सूट घालून गेले आणि तासाभरात परत आले. म्हणाले, "सभा कॅन्सल झाली." मैदानाकडून लाउडस्पीकर तर दुपारभर ऐकू येत होता. मी तोंड उघडणार, तोच ताई म्हणाली, "शकू, भाकरीकडे बघ." पाटी मात्र निवडणूक होईपर्यंत हलली नाही.

मला वाटायचं, यांना दारातूनच हाकललं असणार. गेल्या वर्षी त्यांच्या आजारपणात भेटायला गेले तेव्हा सरळच विचारलं, "भाऊजी, आत घेतलं नव्हतं ना तुम्हाला?"

"घेतलं ना. चांगलं तिसऱ्या रांगेत बसवलं." मग पांघरूण सारखं करत म्हणाले, "शेजारचा उठला. त्याच्या पलीकडचाही उठला. सगळी रांग रिकामी झाली, शकू."

"मग तुम्ही काय केलंत?"

"टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते."

हे मी नेहाला फोनवर सांगितलं. ती चिडली. "ते आजारी होते, मावशीआजी. कन्फ्यूज झाले असतील."

"इतर वेळी होत असतील. हे सांगताना नव्हते."

तिने फोन ठेवला. शोकसभेत ती आजोबांच्या दवाखान्याबद्दल बोलली, त्यांच्या पत्त्यांच्या डावाबद्दल बोलली. त्या पुढाऱ्याचं नाव तिने काढलं नाही. खोटं बोलली नाही, एवढं मला पुरे.

ताई गेल्यापासून भाऊजी दर रविवारी सकाळी दहाला मला फोन करायचे. माझं बीपी विचारायचे, गोळ्यांवरून रागवायचे. त्या वेळेला मी अजून फोनजवळ खुर्ची ओढून बसते. त्या टाळ्या भीतीने वाजवल्या की मनापासून, हे विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, असंही नाही.